नवा प्रोसेसर आधी असेंबल करणाऱ्यांच्या हाती, ब्रँडेड पीसीत नंतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या कंपन्यांना नवा प्रोसेसर खरंच उशिरा मिळतो का?

चिप उशिरा मिळत नाही, तिच्या भोवतीचं मशीन उशिरा पुरं होतं. डेल, एचपी, लेनोवो यांच्या प्रयोगशाळांत नव्या प्रोसेसरचे अभियांत्रिकी नमुने, बाजाराच्या भाषेत ‘ईएस’, विक्रीच्या कित्येक महिने आधी पोचलेले असतात. पुढे जवळपास अंतिम रूपातले ‘क्यूएस’ नमुने येतात. आपल्या हाती सुट्या प्रोसेसरचा डबा पडतो तोवर त्यांच्या इंजिनिअरांचं त्या चिपवर बरंच काम झालेलं असतं.

दुकानात डब्यातला प्रोसेसर ठेवायला तो प्रोसेसर आणि त्याला चालणारे काही मदरबोर्ड तयार असले की भागतं. ब्रँडेड पीसी विकायचा तर बोर्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग), कॅबिनेट, कूलर, बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम), विंडोजची प्रत, ड्रायव्हर, सुटे भाग आणि ते बदलून देणारा सर्व्हिस इंजिनिअर, सगळं एकाच दिवशी तयार लागतं. असेंबल करणारा माणूस यातलं बहुतेक काम स्वतःच्या अंगावर घेतो आणि त्याच्या बदल्यात त्याला दोन-तीन महिने आधी मशीन मिळतं.

नेमकं किती अंतर पडतं?

डेस्कटॉपमध्ये साधारण अडीच महिने. इंटेलची बारावी पिढी ४ नोव्हेंबर २०२१ला विक्रीला आली, पण त्या दिवशी फक्त सहा मॉडेलं होती: १२९००के, १२७००के, १२६००के (‘के’ म्हणजे वेग वाढवता येणारं वरचं मॉडेल) आणि याच तिघांची ग्राफिक्स नसलेली ‘केएफ’ रूपं. बोर्ड फक्त झेड६९० चिपसेटचे; चिपसेट म्हणजे बोर्डवरचे बाकीचे भाग प्रोसेसरला जोडणारी चिप. ऑफिसच्या टेबलावर दिसतात ते १२१००, १२४००, १२५०० आणि त्यांचे स्वस्त बी६६०, एच६१० चिपसेट जानेवारी २०२२मध्ये जाहीर झाले. तेराव्या पिढीत २० ऑक्टोबर २०२२ आणि मग जानेवारी २०२३. चौदाव्या पिढीत १७ ऑक्टोबर २०२३ आणि मग जानेवारी २०२४. कोअर अल्ट्रा २०० मालिकेतही २४ ऑक्टोबर २०२४ आणि नंतरचा जानेवारी.

एएमडीचाही रिवाज असाच. रायझन ७००० मालिकेतले चार ‘एक्स’, म्हणजे जास्त वेगाचे, प्रोसेसर २७ सप्टेंबर २०२२ला आले, कमी वीज खाणारे ७६००, ७७००, ७९०० हे १० जानेवारी २०२३ला. स्वस्तातला ए६२० चिपसेट त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आला.

एक अपवाद लक्षात ठेवा: ब्रँडेड गेमिंग मशीनं बहुधा पहिल्याच आठवड्यात येतात. डेलच्या एलियनवेअर ब्रँडचं ऑरोरा आर१३ बाराव्या पिढीच्या घोषणेसोबतच जाहीर झालं होतं. थांबावं लागतं ते ऑफिसच्या आणि घरगुती साध्या पीसीसाठी, आणि कंपन्यांचा मोठा खप तिथेच असतो.

मग आधी ‘के’ आणि ‘एक्स’ मॉडेलंच का काढतात?

एका वेफरवरच्या, म्हणजे ज्या सिलिकॉनच्या चकतीतून चिप कापतात तिच्यावरच्या, सगळ्या चिप सारख्या निघत नाहीत. काही कमी व्होल्टेजवर जास्त वेग धरतात, काहींचा एखादा कोअर (आकडेमोड करणारा स्वतंत्र भाग) सदोष निघतो. चाचणी करून त्यांची प्रतवारी लावतात. उत्पादनाच्या सुरुवातीला एकूण माल थोडा असतो, आणि थोड्या मालावर चांगला पैसा मिळवायचा तर वरच्या प्रतीच्या चिप वरच्या भावाने विकणं हाच मार्ग. हौशी ग्राहकांची संख्या मर्यादित असल्याने तेवढा माल त्यांना पुरतो. मोठ्या कंपनीला एकाच मॉडेलचे हजारो नग, दर महिन्याला न चुकता लागतात. सुरुवातीच्या उत्पादनातून तसा शब्द देता येत नाही.

कधीकधी खालचं मॉडेल ही वेगळीच चिप असते. बाराव्या पिढीत इंटेलने दोन डाय, म्हणजे सिलिकॉनचे मूळ तुकडे, बनवले होते: आठ मोठे व आठ छोटे कोअर असलेला ‘सी-झिरो’, आणि फक्त सहा मोठे कोअर असलेला लहानसा ‘एच-झिरो’. १२६००के मोठ्या डायमधून कापलेला. १२४०० मुख्यतः लहान डायचा.

भावाचाही भाग आहे. इंटेल जी किंमत जाहीर करते ती हजार नगांच्या खरेदीत एका नगाला पडणारी शिफारशीची किंमत असते. मोठ्या कंपन्यांचा करार गुप्त आणि त्याहून खालचा. डब्यामागे सुटणारा पैसा जास्त, म्हणून पहिला घास तिकडे जातो.

कंपन्या एवढा वेळ तपासतात तरी काय?

आधी उष्णता. आय-९ १२९००केचा पायाभूत वीजवापर १२५ वॅट, पण टर्बोत, म्हणजे थोडा वेळ जास्त वेगाने चालताना, तो २४१ वॅटपर्यंत जातो. ऑफिसच्या लहान कॅबिनेटमधला एसएमपीएस बहुधा १८० ते ३०० वॅटचा, पंखा छोटा, आणि कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला टेकवलेलं. तिथे हा प्रोसेसर बसणारच नाही. म्हणून त्यांना ६५ वॅटचे प्रोसेसर लागतात, आणि पुस्तकाएवढ्या मशीनसाठी ३५ वॅटची ‘टी’ मॉडेलं. हे दोन्ही जानेवारीतच येतात.

मग आवाज, विद्युतचुंबकीय उत्सर्जन आणि सुरक्षेची प्रमाणपत्रं. भारतात संगणकाला बीआयएसची सक्तीची नोंदणी लागते, आणि इतर देशांचे नियम वेगळे. घरी जोडलेल्या एका पीसीला यातलं काही लागत नाही.

त्यानंतरचं काम सर्वांत वेळखाऊ आणि बाहेरून अजिबात न दिसणारं. मशीन झोपवून शंभर वेळा जागं करायचं, दोन मॉनिटर काढून लावायचे, टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) आणि डिस्क एन्क्रिप्शन चालतंय का पाहायचं, नेटवर्कवरून विंडोज चढतंय का बघायचं. ज्या बँकेत दोन हजार मशीनं आहेत तिथे हजारातून एकदा येणारा दोषही रोज कोणाच्या तरी टेबलावर दिसतो. अशा ग्राहकाला नवेपणापेक्षा न बदलणं जास्त हवं असतं. यासाठीच इंटेल ‘सिप’ नावाचा कार्यक्रम चालवते. त्यातल्या प्लॅटफॉर्मचे घटक आणि ड्रायव्हर किमान १५ महिने किंवा पुढची पिढी येईपर्यंत स्थिर ठेवायचं तिचं धोरण आहे.

माल दुकानात इतक्या लवकर पोचतो कसा?

डबा लहान, किंमत मोठी, म्हणून विमानाने येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, किंवा दिल्लीत नेहरू प्लेसला डिस्ट्रिब्युटरकडून डीलरकडे आणि डीलरकडून काउंटरवर, एवढाच प्रवास. विक्रीची तारीख ठरलेली असल्याने माल कधीकधी आधीच गोदामात येऊन पडलेला असतो. ब्रँडेड डेस्कटॉपची खेप मात्र बहुधा कंटेनरमधून समुद्रमार्गे जाते, आणि आठवडे त्यातच जातात.

पहिल्या दोन आठवड्यांत दुकानदार चढा भाव सांगतात किंवा ‘बोर्डसोबतच देऊ’ म्हणतात. भाव विचारताना १८ टक्के जीएसटी धरून की वेगळा, हे आधी स्पष्ट करा. बिलावर प्रोसेसरचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि डब्यावरच्या नंबराशी तिथेच ताडून पाहा.

पहिल्या दिवशी घेतला तर काय बिघडू शकतं?

सर्वांत बोलकं उदाहरण २०११चं. इंटेलची सॅंडी ब्रिज पिढी ९ जानेवारीला बाजारात आली. ३१ जानेवारीला इंटेलने तिच्या ६-मालिका चिपसेटची विक्री थांबवली. प्रोसेसर निर्दोष होता. दोष चिपसेटच्या साटा भागात, म्हणजे हार्डडिस्क जोडण्याच्या भागात, होता: २ ते ५ क्रमांकाचे ३ गिगाबिटचे पोर्ट काळाच्या ओघात कमजोर पडू शकत होते, ० आणि १ हे ६ गिगाबिटचे पोर्ट ठीक होते. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च इंटेलने ७० कोटी डॉलर धरला. पहिल्या तीन आठवड्यांत ज्यांनी बोर्ड घेतले त्यांनी हार्डडिस्क पहिल्या दोन पोर्टांवर हलवल्या आणि ‘बी-३’ आवृत्तीचा बोर्ड येईपर्यंत तसंच चालवलं.

बाराव्या पिढीत काही गेम सुरूच होत नव्हते. नक्कल रोखणारी त्यांची प्रणाली छोट्या कोअरना दुसराच संगणक समजत होती. त्यावर बायोसमध्ये एक पर्याय आला: तो चालू करून कीबोर्डवरचं स्क्रोल लॉक दाबलं की छोटे कोअर बाजूला होत. कित्येकांच्या कीबोर्डवर ते बटण पहिल्यांदाच कामाला आलं.

एप्रिल २०२३मध्ये रायझन ७०००च्या एक्स-३डी प्रोसेसरांपैकी काही सॉकेटमध्येच (प्रोसेसर बसतो त्या बोर्डवरच्या जागेत) जळाल्याच्या तक्रारी आल्या. रॅम जास्त वेगाने चालवणारं एक्स्पो प्रोफाइल लावल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या एका भागाचं, एसओसीचं, व्होल्टेज फार वर नेत होते. एएमडीने नव्या बायोसमधून १.३ व्होल्टची मर्यादा घातली. जुना बायोस असलेला एएम-५ बोर्ड (रायझन ७००० बसणाऱ्या सॉकेटचा) आजही कोणाकडे असेल तर एक्स्पो लावण्याआधी बायोस बदला.

थांबल्याने सगळं टळतं, असंही नाही. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतला व्होल्टेजचा दोष प्रोसेसर बाजारात येऊन बराच काळ लोटल्यावर उघड झाला आणि ब्रँडेड मशीनंही त्यातून सुटली नाहीत. ऑगस्ट २०२४मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोससोबत येणाऱ्या प्रोसेसरच्या अंतर्गत सूचना) आले, आणि इंटेलने डब्यातल्या प्रोसेसरची तीन वर्षांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मायक्रोकोड पुढचं नुकसान रोखतो. आधीच झिजलेली चिप त्याने सुधारत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते.

नवा प्रोसेसर घातला आणि बोर्ड सुरूच होत नाही. प्रोसेसर मेला का?

बहुधा नाही. बोर्ड दुकानात प्रोसेसर येण्याआधीपासून पडून असेल तर त्याच्या बायोसला हा प्रोसेसर माहीतच नसतो. सॉकेट तोच असला तरी. डब्यावर ‘रायझन ९००० रेडी’ असं स्टिकर असेल तर चिंता नाही. नसेल तर बोर्डच्या मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं, म्हणजे मशीन सुरू न करता पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याचं, बटण आहे का ते पाहा.

असल्यास असं करा. बोर्डचं नेमकं मॉडेल आणि रिव्हिजन बोर्डवरच छापलेलं असतं, ते वाचून त्याच नावाच्या पानावरून बायोस उतरवा. झिप उघडा. ३२ जीबी किंवा त्याहून लहान पेनड्राइव्ह फॅट-३२मध्ये फॉरमॅट करा आणि बायोसची एकच फाइल, कुठल्याही फोल्डरमध्ये न घालता, तिच्यावर ठेवा. फाइलला बोर्ड कंपनीने सांगितलेलं नाव द्या. एमएसआयच्या अनेक बोर्डांना ‘एमएसआय डॉट रॉम’ लागतं, असूसच्या झिपमध्ये नाव बदलणारा छोटा प्रोग्रॅम असतो. एसएमपीएसची २४ पिन आणि ८ पिन अशा दोन्ही जोडण्या लावा, एसएमपीएसचा स्विच चालू करा, पण मशीन सुरू करू नका. पेनड्राइव्ह खूण केलेल्याच यूएसबी पोर्टमध्ये घालून बटण दिवा लुकलुकेपर्यंत, साधारण तीन सेकंद, दाबून धरा. पाच ते दहा मिनिटांत दिवा विझतो. या वेळात वीज गेली तर बोर्ड अर्धवट अवस्थेत अडकू शकतो, म्हणून जिथे वीज जाते-येते तिथे हे काम यूपीएसवरच करा.

काही सेकंदांतच दिवा स्थिर झाला किंवा विझला तर लिहायला सुरुवातच झालेली नाही. फाइलचं नाव, फॅट-३२ आणि पोर्ट, या क्रमाने तपासा. जुनी साधी पेनड्राइव्ह या कामाला नव्यापेक्षा जास्त भरवशाची ठरते.

फ्लॅशबॅक नसेल तर आधीच्या पिढीचा प्रोसेसर घालूनच बायोस बदलावा लागतो. बोर्ड घेतानाच दुकानदाराकडून ते करून घ्या. २०१८मध्ये ही अडचण इतकी वाढली की एएमडी ग्राहकांना या कामापुरता एक जुना प्रोसेसर उसना पाठवत असे.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी, रॅमचा दिवा पेटलेला. काय करू?

थांबा. डीडीआर-५ (रॅमची नवी पिढी) बोर्ड पहिल्या वेळी रॅमची जुळणी करतो, त्याला काही मिनिटं लागतात. एएम-५वर आणि ६४ जीबीच्या वर जास्तच. मध्येच रीसेट दाबला की जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि घाबरून दर दोन मिनिटांनी बटण दाबणाऱ्याचं मशीन दिवसभर सुरू होत नाही. पंधरा मिनिटं घड्याळ लावून बसा. तरीही काही नाही झालं तर सॉकेटपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेऐवजी फक्त दुसऱ्यात एकच स्टिक लावून पाहा.

चार स्टिक टाळा. रायझन ७०००ची रॅमच्या वेगाची अधिकृत मर्यादा दोन स्टिकवर ५२०० मेगाट्रान्सफर प्रतिसेकंद आहे, चारवर ३६००.

जुना कूलर चालेल का?

इंटेलच्या एलजीए १२०० आणि त्याआधीच्या ११५० या सॉकेटांच्या घराण्यात कूलरच्या छिद्रांचं अंतर ७५ मिलिमीटर होतं, एलजीए १७०० आणि १८५१ला ते ७८ आहे. प्रोसेसरची उंचीही किंचित कमी झाली, त्यामुळे जुना ब्रॅकेट ओढूनताणून बसवला तरी दाब पुरेसा पडत नाही आणि तापमान चढतं. कूलर कंपनीकडून नवा ब्रॅकेट मागवा.

एएम-५ची छिद्रं एएम-४सारखीच आहेत, पण मागची प्लेट आता सॉकेटचा भाग आहे, ती काढता येत नाही. त्याच प्लेटमध्ये स्क्रू बसणारे कूलर चालतात, स्वतःची प्लेट आणणारे चालत नाहीत. ‘के’ आणि रायझन ७०००च्या ‘एक्स’ डब्यांत कूलर नसतो. आणि कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म सोलायला विसरू नका. ९० अंशाच्या तक्रारींत ती वारंवार निघते.

मोठ्या कंपन्यांनाच आधी मिळतं, असं कधी होतं?

बऱ्याचदा. लॅपटॉपचे प्रोसेसर बोर्डवरच सोल्डर केलेले, ते सुटे विकलेच जात नाहीत. सर्व्हरमध्ये क्लाउड कंपन्या रांगेत सर्वांच्या पुढे: एएमडीचा ‘मिलान’ नावाचा एपिक (तिचा सर्व्हर प्रोसेसर) अधिकृतपणे मार्च २०२१मध्ये आला, पण त्यांच्याकडे माल २०२०च्या शेवटच्या तिमाहीतच जायला लागला होता. एएमडीचा वर्कस्टेशनसाठीचा थ्रेडरिपर प्रो जुलै २०२०मध्ये जाहीर झाला तो फक्त लेनोवोच्या थिंकस्टेशन पी६२०साठी. सुटा मिळायला २०२१ उजाडलं. रायझन ५०००जी एप्रिल २०२१मध्ये कंपन्यांना आणि ५ ऑगस्टला दुकानांत. म्हणजे हौशी माणूस पुढे असतो तो डेस्कटॉपच्या वरच्या टोकाला, तेवढ्याच जागी.

हे पूर्वीपासून असंच आहे का?

इंटेलचा ८०८० एप्रिल १९७४मध्ये आला आणि जानेवारी १९७५मध्ये तो अल्टेअर ८८०० या किटच्या रूपाने हौशी लोकांसमोर होता. त्याच वर्षी सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या वेसकॉन प्रदर्शनात एमओएस कंपनीने ६५०२ प्रोसेसर २५ डॉलरला विकला, जेव्हा ८०८०ची छापील किंमत ३६० डॉलर होती. प्रदर्शनाच्या मंडपात विक्रीला बंदी, म्हणून जवळच्या हॉटेलच्या खोलीत काचेच्या बरणीतून चिप काढून दिल्या जात. स्टीव्ह वोझ्नियॅकचा ॲपल-१ याच चिपवर उभा राहिला. आयबीएमचा पीसी आला ऑगस्ट १९८१मध्ये. त्यातला ८०८८ तोवर दोन वर्षांचा जुना झाला होता.

मग घ्यावा तरी कधी?

मशीनवर पोट असेल, म्हणजे डीटीपी, व्हिडिओ एडिटिंग, सीएचं ऑफिस, तर ‘बीटा’ शिक्का नसलेला दुसरा किंवा तिसरा बायोस येईपर्यंत थांबा. सहा ते आठ आठवडे धरा. इंटेल घ्यायचा असेल तर जानेवारीपर्यंत थांबा. बी-मालिकेचे बोर्ड आले की एकूण खर्चही उतरतो.

हौसेसाठी घेत असाल तर पहिल्या दिवशी जरूर घ्या, आमचा त्याला विरोध नाही. फक्त फ्लॅशबॅक असलेला बोर्ड निवडा, रॅम बोर्ड कंपनीच्या तपासलेल्या यादीतलीच घ्या, आणि जुनं मशीन महिनाभर मोडू नका. बायोस उतरवायला तेच लागणार आहे.

डब्यातला घ्यावा की ट्रेचा?

डब्यातला. त्यावर निर्मात्याची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेच्या, म्हणजे डब्याविना सुट्या विकलेल्या, नगाची जबाबदारी विकणाऱ्यावर, बहुधा वर्षभर, आणि कूलर कधीच नाही.

स्वस्तात ‘ईएस’ किंवा ब्रँडेड मशीनमधून काढलेला ‘प्रो’ मिळतोय, घेऊ का?

ईएस नको. इंटेलच्या बाबतीत तो नमुना इंटेलच्याच मालकीचा राहतो, वॉरंटी शून्य, आणि बाजारातले बायोस त्याला ओळखतील याची खात्री नाही. विक्रीच्या इंटेल प्रोसेसरवर ‘एस’ने सुरू होणारा कोड असतो, नमुन्यावर ‘क्यू’ने सुरू होणारा. प्रोसेसरच्या धातूच्या टोपीवरची अक्षरं खरवडलेली दिसली तर तिथूनच परत फिरा.

रायझन प्रो, थ्रेडरिपर प्रो आणि एपिकमध्ये प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट नावाची सोय आहे. लेनोवोच्या काही मशीनांत ती चालू केली की चिपमधले फ्यूज कायमचे बदलतात आणि तो प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डवर सुरूच होत नाही. हे नुसतं बघून कळत नाही. तुमचा बोर्ड ज्या कंपनीचा आहे त्याच कंपनीच्या बोर्डवर समोर चालवून दाखवला तरच पैसे द्या.